तीन भरत्यांचा नमुना

ही हकीकत सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. बाजारात वयनीचा विषय निघाला की मला नेमके घरचे काहीतरी काम आठवते. आता पंच्याहत्तरी उलटली. तिच्याबद्दल बंदरावर जे बोलले जाते ते चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे हे फक्त मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो.

तिची एक सवय होती. दुकानात कुणी नवा धागा आणला की ती त्याचे टोक मिठाच्या पाण्याच्या बरणीत बुडवायची, पाटावर बसायची, ओल्या धाग्याची गाठ मारून फास पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि दोन्ही हातांनी ओढायची. ओढताना डोळे मिटायची. समोरचा मालाचे गुणगान करत असला तर न बघताच म्हणायची, "भिजल्यार काय करता ता सांग."

मालवणच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचे दुकान होते. जाळी, शिसे, बुचे, दोऱ्या आणि तंगूस, म्हणजे मासेमारीचा तो काचेसारखा नायलॉनचा धागा. नवरा गेल्यावर दुकान तिने एकटीने चालवले. आम्ही सगळे तिला वयनी म्हणायचो. तिच्याहून मोठे असलेलेही वयनीच म्हणायचे आणि पुढे 'तुमी' लावायचे.

अंगठ्याची परीक्षा ही पहिली. खरी परीक्षा तीन भरत्यांची. जुन्या धक्क्याजवळ तिने एक खुंट रोवला होता. नमुन्याला गाठी मारून तो त्या खुंटाला बांधायचा, तीन भरत्या त्याच्यावरून जाऊ द्यायच्या, मग सोडवून गाठी बघायच्या. गाठ सरकली तर माल परत. यात दीड दिवस जायचा आणि त्या दीड दिवसात ती कुणाशीही दराबद्दल बोलायची नाही.

मुंबईहून एकदा एक विक्रेता आला. पायात चकचकीत बूट. "मावशी, कंपनीचा माल आहे, सर्टिफिकेट आहे." वयनीने कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "कागद बरो आसा. पन माका कागद पाण्यात सोडूचो नाय." बिचारा दीड दिवस गावात अडकला. दोन्ही दिवस तिने त्याला बांगड्याचे तिखले आणि भात वाढला. नमुना नापास झाला. तो माणूस मात्र पुढे दरवर्षी येत राहिला, मालासाठी की तिखल्यासाठी ते देव जाणे.

भाचीला पाहायला मुलगा आला तेव्हाही तिने हेच केले. मुलगा देखणा, बोलका. सगळे खूश. वयनी म्हणाली, "सुको बरो दिसता. पावसात होडी वर घेतल्यार चार महिने घरात कसो वागता, ता तेच्या शेजाऱ्यांक इचारा." शेजाऱ्यांना विचारले. लग्न मोडले. तुमच्या ओळखीतही अशी एखादी बाई असेल. तिचा राग येतो, आणि अडचण आली की पाय तिच्याच दाराकडे वळतात.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो होतो. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. एसटी स्टँडजवळ इंटरनेटचे दुकान निघाले. मुलीला ई-मेल पाठवायला म्हणून मी तिथे जाऊ लागलो आणि मग जातच राहिलो. सगळे जग इंग्रजीत आहे आणि गावात ते वाचू शकणारा मी, ही भावना त्या वयात फार सुखाची होती.

वयनीची अडचण मला ठाऊक होती. मुंबईचा घाऊक व्यापारी दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या तोंडावर भाव चढवायचा. होड्या समुद्रात जायच्या म्हणजे जाळी हवीच, हे त्याला पक्के माहीत. मी इंटरनेटवर शोधले तर परदेशातले विक्रेते तंगुसाची जाळी जवळजवळ निम्म्या भावात द्यायला तयार. मी धावतच दुकानात गेलो.

"मास्तरांनू, तो माणूस खंय ऱ्हवता?"

"परदेशात, वयनी. पण कंपनी मोठी आहे. फोटो आहेत कारखान्याचे."

"फोटो सुकेच असतत," ती म्हणाली. पण भाव ऐकून तिने हातातली दोरी खाली ठेवली. चाळीसेक घरांची जाळी त्या हंगामात तिच्याकडून जाणार होती, आणि त्यांनी आगाऊ पैसेही दिले होते.

पत्रव्यवहार मी सुरू केला. तिकडचा माणूस फार अदबीने लिहायचा. दुसऱ्याच पत्रात त्याने लिहिले की, आपल्यासारखे शुद्ध इंग्रजी आम्हाला क्वचितच वाचायला मिळते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला असे कुणी म्हटले नव्हते. त्या पत्राची प्रिंट काढून मी घरी नेली.

वयनीने मला एकच गोष्ट लिहायला सांगितली. "तेंका लिवा, हातभर तंगूस पाकिटात घालून धाडा. तीन भरत्यो बघतलंय, मगे पैसे."

"लिहितो," मी म्हटले.

लिहायला बसलोही. मालकीणबाई आपला धागा समुद्राच्या पाण्यात खुंटाला बांधून बघणार आहेत, हे इंग्रजीत लिहून वाचले आणि मला लाज वाटली. एवढ्या मोठ्या कंपनीला हे काय लिहायचे? तो माणूस काय म्हणेल? मी ती ओळ पुसली. त्या जागी माल कधी निघेल असे विचारले.

"इचारलास?" वयनीने दुसऱ्या दिवशी विचारले.

"विचारले. पाठवतो म्हणाले."

हे पहिले खोटे. इतके सहज तोंडातून गेले की मला ते खोटे वाटलेच नाही.

तीन आठवडे ती रोज विचारायची आणि मी टपालाला दोष द्यायचो. मग तिकडून घाई सुरू झाली. हा भाव शनिवारपर्यंतच, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, पूर्ण रक्कम आधी पाठवा. घाई करणारा विक्रेता बघून माणसाने थांबावे, हे आज शेंबड्या पोरालाही कळते. मला वाटले, वयनीच्या हट्टापायी सोन्यासारखी संधी जाते आहे. "नमुनो येवंदे," एवढेच ती म्हणत होती.

आता जे लिहितो ते आजवर बायकोलाही सांगितलेले नाही.

मला गरी टाकून मासे धरायचा नाद आहे. माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर असायचा. त्याने मला परदेशातून उत्तम तंगुसाचे एक रीळ आणून दिले होते. त्यातला हातभर मी कापला, त्याच विद्यार्थ्याच्या पत्राच्या जुन्या परदेशी पाकिटात घातला आणि पाकीट वयनीच्या हातात दिले. "आला बघा नमुना."

तिने तो बरणीत बुडवला, अंगठ्यात अडकवून ओढला. खुंटाला बांधला. पावसाळ्याचे दिवस, धक्क्यावर लाटा येत होत्या, तरी तिसऱ्या भरतीनंतर ती स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून तो सोडवून घेऊन आली. गाठी जशाच्या तशा. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "मास्तरांनू, असो तंगूस मी जल्मात बघूक नाय."

आणि मला आनंद झाला. खरोखर आनंद झाला. आज माझे मलाच या गोष्टीचे भय वाटते.

बँकेत पैसे पाठवायला मी तिच्याबरोबर गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "सर, कंपनीचे नाव एक आहे आणि खाते कुणा भलत्याच व्यक्तीच्या नावावर. एकदा खात्री करून घेता का?"

"त्यांच्याकडे तशीच पद्धत असते," मी म्हटले. वयनीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने सही केली.

माल आला, नाही असे नाही. नारळी पौर्णिमेला दोन दिवस असताना मुंबईहून ट्रकने सहा गठ्ठे आले. दुकानासमोर सगळी मंडळी जमली. एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या नायकाने, गठ्ठ्याची शिवण उसवली. वरची जाळी चकचकीत होती. बायका कौतुकाने हात लावून बघत होत्या.

वयनीने एक धागा तोडला, बरणीत बुडवला, पाटावर बसून अंगठ्यात अडकवला आणि ओढला. गाठ सरकली. तिने दुसरी मारली. तीही सरकली. तिसरी ओढताना धागाच तुटला. मग तांडेलाने गठ्ठा पुरा उलटा केला, तर मधून जुन्या जाळ्यांचे कापलेले, पिवळे पडलेले तुकडे बाहेर पडले. एकेका गठ्ठ्यात तेच.

कुणी ओरडले नाही. मला वाटत होते कुणीतरी ओरडावे. चाळीस घरांची माणसे त्या तुकड्यांकडे नुसती बघत उभी होती.

"वयनी, ह्या कसा झाला?" तांडेलाने विचारले. "तुमी तर बघललास."

"बघललंय," ती म्हणाली. "तीन भरत्यो दिललंय. नमुनो बरो होतो." आणि आपल्या हातांकडे बघत राहिली.

मी तिथेच उभा होतो. हातभर अंतरावर. तोंड उघडायला दुसरी कुठलीही वेळ इतकी सोपी नव्हती. मी म्हटले, "मी आत्ताच त्यांना कडक भाषेत लिहितो." आणि इंटरनेटच्या दुकानात जाऊन बसलो. तीन पत्रे लिहिली. तिन्ही परत आली, असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणून.

त्या वर्षी लोकांनी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून त्याच्या भावाने जाळी घेतली, किंवा जुनीच शिवून वापरली. वयनीने लोकांची आगाऊ रक्कम परत केली आणि दुकानाचा अर्धा भाग एका मोबाइलवाल्याला भाड्याने दिला. पण मला धक्का बसला तो याने नाही. गणपतीनंतर मी दुकानात बसलो होतो. एका पोरसवद्या खलाशाने धाग्याचे बंडल तिच्यापुढे टाकले. "वयनी, बघ गो वायच."

तिने बरणीकडे पाहिलेही नाही. "कंपनीचो आसा मां? मगे बरोच असतलो."

मला आधी वाटले ती थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती. काही दिवसांनी धक्क्यावर गेलो तर खुंट उपटलेला होता. विक्रेते यायचे, अर्ध्या तासात माल टाकून जायचे. बंदरावर एक बोलणे रूढ झाले, "वयनीच्यो तीन भरत्यो कंप्युटराक चलनत नाय." हसत म्हणायचे. तीही हसायची.

मंडळी, तिची परीक्षा चुकली नव्हती. ती परीक्षा तिकडच्या मालाची कधी झालीच नाही. मी तिचे वाक्य लिहिले असते तर एक तर नमुना आलाच नसता आणि पैसे गेले नसते; किंवा आला असता आणि पहिल्याच भरतीत उघडा पडला असता. इतक्या लांबच्या, न पाहिलेल्या माणसाला ओळखायची रीत आमच्या गावात तिच्या एकटीकडेच होती, आणि ती शंभर टक्के बरोबर होती.

दोन-तीन वर्षांनी ती आजारी पडली. मुलीने तिला नांदगावला आपल्या घरी नेले. मी एके दुपारी मनाशी ठरवून एसटीने गेलो. पडवीत खाटेवर बसली होती, अंगाने निम्मी झालेली. मुलगी आत पेज करत होती. आम्ही दोघेच.

"वयनी, तो नमुना..." मी सुरुवात केली.

"मास्तरांनू, माझ्या मनात पन तोच येता," ती म्हणाली. "काय तंगूस होतो. तीन भरत्यो खावन गाठ हलाक नाय. माका एक सांगा, तो खंयचो? तो तरी खरोच तेंच्या कारखान्यातलो होतो मां?"

तिने थेट विचारले होते. माझ्याकडे टक लावून बघत होती. मला आता वाटते, तिला थोडाफार संशय असावा. किंवा नसेलही, तेवढे समाधान मी मला का द्यावे? तिला माझ्याकडून फक्त एक शब्द हवा होता.

"होय," मी म्हटले. "त्यांच्याच कारखान्यातला."

ती खाटेवर मागे टेकली. "मगे माझोच हात गेलो," ती म्हणाली आणि मुलीला हाक मारून मला पेज वाढायला सांगितली. मी पेज जेवलो. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. त्याच महिन्यात ती गेल्याचा निरोप आला.

पडवीत जे बोलायला गेलो होतो ते पाठ केले होते. गाडीत, जाताना, पुन्हा पुन्हा. ते असे होते: वयनी, तुमचो हात जावक नाय. तो तंगूस माझ्या गरीचो. तुमी इचारूक सांगितलास, आणि मी लाजलंय, इचारूकच नाय. माका माफ करा.