मृत समुद्राच्या गुंडाळ्या आणि बाबांचा प्रश्न

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आले आणि त्यांनी डिस्नेलँड कॅन्सल केलं. सॅन डिएगोच्या म्युझियममध्ये मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लिखाणाच्या गुंडाळ्या आल्यात, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. "ते बघू," म्हणाले. २००७चा ऑगस्ट. नवऱ्याच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

आय-फाइव्ह हायवेने साडेआठ तास लागतात. पहाटे पाचला निघा, म्हणजे लॉस एंजेलिस दुपारच्या गर्दीआधी पार होतं. वाटेत बदामाच्या बागा आहेत आणि मैलभर आधी वासाने कळणारे गुरांचे गोठे. आम्ही तिखट पुऱ्या नेल्या होत्या. तिकिटावर वेळ ठरलेली असते, ऑनलाइन काढा. आत अंधार आणि कडक एसी. स्वेटर न्या.

गाइड सत्तरीच्या ज्यू बाई होत्या. त्या म्हणाल्या, फार जुन्या समजुतीत मेलेले सगळेच, चांगले नि वाईट, जमिनीखालच्या 'शिओल' नावाच्या मुक्या अंधारात जात. पुढे काही ज्यूंना वाटू लागलं, की देव एक दिवस मेलेल्यांना देहासकट उठवेल. काहींना ते मुळीच मान्य नव्हतं. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी मात्र त्या उठण्यावरच सगळी भिस्त ठेवली.

"आम्ही बौद्ध," बाबा म्हणाले. "आमच्याकडे आत्माच नाही."

"मग तुमचं सोपं आहे."

"नाही ना." मग वर्गात शिकवायचे तशा सावकाश इंग्रजीत त्यांनी विचारलं, "उठल्यावर नवरा-बायको भेटतात का?"

"यावर तेव्हाही वाद झाले," बाई म्हणाल्या. "माझे मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. मी भेटतील असं धरून चालते."

दुसऱ्या दिवशी परतताना, ग्रेपव्हाइनच्या घाटात, बाबा अचानक बोलले. "आई गेल्याचं तुला अंत्यविधीनंतर कळवलं, ते तिच्या सांगण्यावरून. 'पोरीचा व्हिसा अडकेल, बोलावू नका,' म्हणाली."

दीड वर्ष मी त्यांच्याशी फोनवर फक्त हवामानावर बोलत होते.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू तिच्यावर रागावली असतीस. माझ्यावर रागावलीस, ते चाललं. पण समजा ती भेटलीच, तर पहिलं विचारेल, पोरगी बोलते का तुमच्याशी?"

मी पुढच्या एक्झिटला गाडी काढली आणि पेट्रोल पंपावर उभी करून रडले. बाबांनी तेवढ्यात समोरची काच पुसली. दोनदा.

घरी नवऱ्याने विचारलं, "कसं होतं?"

"अक्षर फार बारीक," बाबा म्हणाले.

मेल्यावर काय होतं, ते इतकं लांब जाऊनही कळलं नाही. सकाळी हॉलमध्ये आईचा फोटो दिसला. बाबांनी तो बॅगेतून आणलाय, हे मला माहीतच नव्हतं. फ्रेम घ्यायला आम्ही दोघं गेलो. निवडायला तासभर लागला. तेवढा वेळ आम्ही आईबद्दल बोललो.