दगडी उशा

आमच्या गिरणीच्या शेठनं आजारी कामगारांसाठी भडगावच्या पुढं नदीकाठी आरामघर बांधलं. नकाशा मुंबईच्या इंजिनिअरनं काढला होता. आम्ही सगळे धाब्याच्या घरांत वाढलेले. जाड मातीच्या भिंती आणि हवेला म्हणून एखादा झरोका. इथं दक्षिणेची अख्खी बाजू खिडक्यांचीच. माझ्यासोबत आलेले म्हातारे आबा त्या बघून म्हणाले, “भिंतले इटा सरी ग्यात वाटस.”

खरी गंमत आत होती. खाटांना ढेकूण होतात म्हणून इंजिनिअरनं रांगेनं दगडी ओटे बांधले होते आणि प्रत्येकाच्या उत्तरेच्या टोकाला उशीसारखा उंचवटा घडवला होता. आजाऱ्यानं पडल्या पडल्या नदी बघावी, असा त्याचा हेतू. नदी दक्षिणेला. आता दक्षिणेकडे पाय करून आमच्याकडे एकाच प्रकारच्या माणसाला निजवतात, आणि तो बरा होऊन घरी येत नाही. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून उलटे निजलो. डोकी सपाट दगडावर, पाय उशीवर, आणि समोर कोरी भिंत.

तरी मला ते घर फार आवडलं. पिंजण खात्यात कापूस नाकातोंडात जाऊन माझी छाती भरली होती. जळगावच्या धुरकट खोलीत मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या रात्री काढायचो. इथं आडवं होऊन झोप लागायला लागली.

आणि एके सकाळी देखरेखीवरचे नाना धावत आले. शेठ आपल्या आईला घेऊन येणार होते. कामगार घर नीट वापरत नाहीत, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. मनासारखं दिसलं नाही तर इथं कापसाचं गोदाम होणार होतं.

“तासभर उशीवर डोकं ठेवा रे भाऊ,” नाना हात जोडून म्हणाले, “आनि खोकू नका.”

आबा कुरकुरले, पण निजले. नानांनी सगळ्यांवर धुतलेल्या पांढऱ्या चादरी ओढल्या, डोळे मिटायला लावले आणि हौसेनं उदबत्तीही लावली.

शेठची आई आधी आत आली.

“माय वं! बठ्ठा मरी ग्यात!” तिनं हंबरडा फोडला. शेठनं घाबरून पगडी काढली. मला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला आणि मी चादरीसकट ताडकन उठून बसलो. म्हातारी किंचाळून नानांवर आदळली.

“जित्ता शे, माय, जित्ता शे!” आबा शेजारच्या ओट्यावरून ओरडले.

झालं गोदाम, असं मला वाटलं. माझ्याच छातीनं माझा घात केला होता. पण म्हातारी सावरली, माझ्या ओट्यावर बसली आणि खोकला थांबेपर्यंत माझी पाठ चोळत राहिली. मग तिनं उशी पाहिली, खिडकी पाहिली आणि लेकाकडे वळली.

“तुन्हा बापले बी असंच निजाडेल व्हतं.”

शेठनं पगडी बाजूला ठेवून ती उशी हलवून पाहिली.

गोदाम झालं नाही. पाथरवट आले आणि त्यांनी दक्षिणेच्या टोकाला नव्या उशा बसवल्या. जुन्या काही केल्या निघेनात, म्हणून प्रत्येक ओट्याला दोन्हीकडे उशी झाली. मी नव्या उशीवर डोकं ठेवून निजलो आणि बरा झालो.

घरी निघालो त्या सकाळी जुन्या उशीवर टेकून बसलो आणि समोर पाहिलं. इंजिनिअरचं खरं होतं. तिथून नदी फार सुंदर दिसत होती.