उंटाचा हेवा

माझ्या बायकोला आयुष्यभर एकाच माणसाचा हेवा वाटला. त्याला आमच्या घरात उंट म्हणायचे. तो तिच्या वर्गातला. लांब मान, लांब टांगा, आणि एका बाटलीभर पाण्यावर दिवसभर वाळवंटात हिंडायची ताकद, म्हणून हे नाव तिनेच कॉलेजात ठेवलेलं. दोघं एकाच सरांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकली, दोघांनी वाळवंटातल्या झुडपांचाच विषय घेतला आणि दोघं एकाच विभागात नोकरीला लागली. तिच्या टेबलापासून त्याचं टेबल चौदा पावलांवर होतं. मी मोजली होती. कारण मलाही हेवा वाटायचा, त्याच उंटाचा. त्याला ती ‘अरे’ म्हणायची आणि मला ‘अहो’.

माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून मी घरी यायचो, तर घरी उंट हजर. उंटाला कुठल्या परिषदेचं बोलावणं आलं, उंटाचा फोटो कुठे छापून आला, उंटाने कशी पुन्हा बाजी मारली. आमची मुलगी पाच वर्षांची असताना तो पहिल्यांदा घरी जेवायला आला, तर मुलगी दारातच हिरमुसली. “आई, हा तर माणूस आहे!” उंट पोट धरून हसला. माझीही हसून हसून पुरेवाट झाली. बायको तेवढी भांडी वाजवत आत निघून गेली.

तिचं काम मात्र सोन्यासारखं होतं. सरांनी तिला सुरुवातीलाच एक जबाबदारी दिली होती. शहरापासून तीन तासांवर, जिथे डांबरी रस्ता वाळूत बुडतो, तिथे चाळीस चौकोन आखायचे, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या. चौकोनात उगवलेल्या प्रत्येक रोपट्याशेजारी तार रोवून तिला पत्र्याचा बिल्ला अडकवायचा. बिल्ल्यावर दोन आकडे: कामाचं कितवं वर्ष आणि रोपट्याचा क्रमांक. मग दर वर्षी जाऊन कोण जगलं, कोण गेलं ते वहीत लिहायचं. काम दोन वर्षांचं ठरलं होतं. तिने ते बावीस वर्षं केलं.

ज्या झुडपासाठी हे सगळं चाललं होतं, ते दिसायला काहीच नाही. कमरेइतकं उंच, राखाडी, पानं नखाएवढी. पण मुळं दुमजली घराएवढी खोल. त्याची जुनी झुडपं तेवढी उभी होती, नवी उगवायची आणि मरायची. का मरतात, यावर तिचं एकच उत्तर होतं: शेळ्या. शेळ्या कोवळं खातात म्हणून नवी पिढी उभी राहत नाही. तिच्या शब्दाखातर वन खात्याने अर्ध्या चौकोनांभोवती कुंपण घातलं. शेळ्या चारणाऱ्यांनी तिला तोंडावर शिव्या दिल्या, त्या तिने खाली मान घालून ऐकल्या आणि कुंपण राहू दिलं. ‘कुंपणवाल्या बाई’ हीच तिची ओळख झाली. तिला ती आवडायची.

उंट पुढे मोठ्या संस्थेत गेला. विभागातलं त्याचं टेबल रिकामं झालं, पण आमच्या जेवणाच्या टेबलावरून तो हलला नाही.

मग एके दिवशी एका शास्त्रीय मासिकाकडून तिला एक लेख तपासायला आला. छापण्याआधी मासिक असा लेख दुसऱ्या जाणकाराला दाखवतं, आणि तो जाणकार कोण हे लिहिणाऱ्याला कळू देत नाही. लेख उंटाचा होता. त्याने वाळलेल्या झुडपांची खोडं कापून आतली वर्तुळं मोजली होती. जवळजवळ सगळी झुडपं एकाच वयाची निघाली. त्याचं म्हणणं असं, की शेळ्यांचा यात संबंध नाही. लागोपाठ दोन वर्षं चांगला पाऊस झाला तरच रोपटी तगतात, आणि असं पन्नास वर्षांत एखाद-दोनदाच होतं. शेवटच्या पानावर एक वाक्य होतं: कुंपण घालून काही साधत नाही.

तिने तो लेख मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

“खोडं कापतो आणि म्हणे शास्त्र!” ती म्हणाली. “मी एकेक रोपटं डोळ्यांनी पाहिलंय.”

“मग तसं लिहून टाक.”

“लिहीन. पण असं लिहीन की पुन्हा तोंड वर काढणार नाही.”

तिने लेख खणात टाकला. मासिकाकडून विचारणा आली की ‘थोडा वेळ द्या’ असं उत्तर पाठवायची. एक महिना झाला, तीन झाले, पाच झाले. या काळात ती जुन्या वह्या उपसत होती, उंटाला खोटं पाडणारी एखादी जागा शोधत होती. मी तिला इतकी टवटवीत आमच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मला ते लागलं.

शेवटी तिने ठरवलं, चाळीसही चौकोनांत जिवंत असलेलं प्रत्येक रोपटं पुन्हा मोजायचं. विभागाचा ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून मी दुकान बंद ठेवून गाडी काढली. मी बिल्ला वाचायचा आणि तिने लिहायचं, असं ठरलं. बारीक अक्षर वाचायचा माझा धंदाच.

सकाळी आठला आम्ही कुंपणाच्या आत सुरुवात केली.

“नऊ, एकशे चार,” मी वाचलं. “नऊ, एकशे तीस. नऊ, बावन्न.”

बाकीचे बिल्ले नुसतेच तारेवर लोंबत होते, शेजारी काही नाही. पाचव्या चौकोनात माझ्या लक्षात आलं.

“काय गं, ही सगळी नवव्या वर्षाचीच कशी?”

तिची पेन्सिल थांबली. “पुढे वाचा.”

कुंपणाबाहेर गेलो. तिथेही नऊ. पुन्हा नऊ. प्रत्येक वेळी मला वाटे, आता दुसरा आकडा निघू दे, सात निघू दे, पंधरा निघू दे. मी काही बिल्ले पुसून पुन्हा वाचले. दुपारपर्यंत चाळीस चौकोन संपले. सहा हजारांवर रोपट्यांना तिने आजवर बिल्ले लावले होते. तेहतीस जिवंत होती. सतरा आत, सोळा बाहेर, आणि सगळी नवव्या वर्षाची.

ती भर उन्हात वाळूत बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“नवव्या वर्षी पाऊस चांगला झाला होता,” ती म्हणाली. “दहाव्याही. त्यानंतर लागोपाठ कधीच नाही.”

मी तिच्याशेजारी वाळूत बसलो.

“बावीस वर्षं मी आत किती आणि बाहेर किती एवढंच मोजलं. कुठल्या वर्षाची, ते कधी बघितलंच नाही. आणि तो मेला चार सुकी खोडं कापून...” तिने टोपीत तोंड खुपसलं.

मी पाण्याची बाटली पुढे केली. वाईट वाटलंच, पण त्यातही एक सल होता. मैलोगणती दुसरं कुणी नाही, आम्ही दोघंच, आणि ती रडत होती उंटासाठी.

दुसऱ्याच दिवशी तिने लेखावर मत लिहिलं: एकही बदल न करता छापावा. पण उशीर झाला होता. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गटाने हाच मुद्दा मांडून आपला लेख छापून आणला. उंटाचा लेख ‘यात आता नवीन काही नाही’ म्हणून परत गेला.

तिने माझ्यासमोर त्याला फोन लावला.

“अरे, तुझा लेख माझ्याकडे होता. पाच महिने.”

पलीकडून त्याचा आवाज मलाही ऐकू आला. “मुद्दाम?”

“मुद्दाम.”

फोन कट झाला. त्याने मासिकाला कळवलं, आणि ते योग्यच होतं. मासिकाने तिला तपासनिसांच्या यादीतून काढलं. विभागप्रमुखांनी लेखी ताकीद दिली. विभागातल्या बायका जिन्यात समोर आल्या की मोबाइल बघू लागायच्या. बायको एकदाही म्हणाली नाही की माझ्यावर अन्याय झाला.

आठ महिन्यांनी उंट न कळवता दारात उभा राहिला. मान तशीच लांब, पण केस गेलेले.

“त्या गटाकडे आणि माझ्याकडे नुसती वयं आहेत,” तो उभ्याउभ्याच म्हणाला. “कोण कधी उगवलं आणि कधी मेलं, हे फक्त तुझ्या वह्यांत आहे. मला त्या हव्यात.”

“बस ना. चहा टाकते.”

“नको. मी अजून रागावलोय. वह्या दे.”

तिने आतून बावीस वह्या आणल्या आणि दोन फेऱ्यांत त्याच्या गाडीत नेऊन ठेवल्या. मी मदतीला उठलो तर मला हातही लावू दिला नाही. लेख दोघांच्या नावाने निघाला. त्याचं नाव आधी, हिचं नंतर. “अक्षरांच्या क्रमानेसुद्धा माझंच आधी यायला हवं होतं,” ती म्हणाली, पण ते मला. त्याला नाही.

मग ती स्वतः वन खात्याच्या बैठकीत गेली आणि उभी राहून म्हणाली, “कुंपण काढा. माझं चुकलं.” खांब उपटायला माणसं आली त्या दिवशीही ती तिथे गेली. एका शेळीवाल्याने तिला ओळखलं आणि तोंडावर हसला. घरी येऊन तिने ते मला जसंच्या तसं सांगितलं.

गेल्या वर्षी उंटाला मोठा पुरस्कार मिळाला. आम्ही समारंभाला गेलो. भाषणात तो म्हणाला, “हे काम ज्या वह्यांवर उभं आहे त्या लिहिणारी बाई तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्याइतका धीर माझ्यात नव्हता.” लोक वळून बघू लागले, टाळ्या झाल्या. ती ताठ बसून राहिली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, “बघितलंत? आभारसुद्धा त्यालाच नीट मानता येतात.”

घरी येताना गाडीत तिने समारंभाची पुस्तिका उघडली. उंटाच्या सर्वांत जुन्या झुडपाचं वय तिथे चार वर्षांनी चुकीचं छापलं होतं. गाडी चालू असतानाच तिने त्याला चूक कळवली. घर यायच्या आत त्याचं उत्तर आलं: ‘तुझं बरोबर. माझंच चुकलं.’

त्यानंतर दोन दिवस ती नुसती खुशीत होती. गुणगुणत होती. मी तिच्यासाठी चष्म्याची नवी फ्रेम आणून ठेवली होती, खास मागवून. तिने ती डोळ्यांवर चढवली, आरशात न बघताच “छान आहे” म्हणाली, आणि तो निरोप पुन्हा उघडून वाचू लागली.