धुळ्याकडचं टोक

दुसऱ्याचं बोलणं इकडचं तिकडे जसंच्या तसं पोचवावं ते आमच्या भाऊंनीच. अख्ख्या खानदेशात असा दुसरा माणूस झाला नाही. जळगावच्या एका इंटरनेट कंपनीत मी त्यांच्या हाताखाली शिकलो. कोपऱ्यावरचा चहावाला एकदा चिडून म्हणाला, "तुमच्या सायबाला म्हणा, जिभेला चव नसंल तर काढा पी." भाऊंनी चार पाहुण्यांसमोर साहेबांना हा निरोप चहावाल्याच्याच चालीत ऐकवला. मी कपाळावर हात मारला, तर म्हणतात कसे, "निरोप त्याचा. मधे कापणारा मी कोण?" जामनेरच्या मेहुणीचा फोन बायकोला सांगताना ती कुठे खोकली तेही सांगायचे. त्यांची बायको, आमच्या अक्का, पदर तोंडाला लावून हसायच्या.

कामातही तेच. समजा एका गिऱ्हाइकाची दोन गावांत दोन ऑफिसं आहेत, आणि मध्ये आमच्या दोन लाइनी. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. दोन्हीकडचे स्विच, म्हणजे नेटवर्क जोडणारे डबे, एकमेकांना सारखे बारके निरोप धाडत असतात: मी इथे आहे, वाटा दोन आहेत, एक मिटून ठेवू. मधल्या आमच्या यंत्रांनी ते निरोप आपलेच समजून गिळायचे नाहीत, बंद पाकिटात घालून पलीकडे द्यायचे. ह्याला टनेल म्हणतात, आणि ते दोन्ही टोकांना चालू करावं लागतं. निरोप पोचले नाहीत तर दोन्ही वाटा उघड्या राहतात, सगळा डेटा गोल गोल फिरतो आणि लाइन गुदमरते. भाऊ हे शिकवताना असे हळवे व्हायचे, जणू दोन सख्ख्या भावांत अबोला पडणार आहे. सेटिंग टाकून तीनदा तपासायचे, मग हात जोडायचे आणि देवावर भरवसा नसल्यासारखे चौथ्यांदा तपासायचे.

जळगावला आणि धुळ्याला ऑफिस असलेल्या एका डाळमिलचं असं काम आलं तोवर माझी धुळ्याला बदली झाली होती. जळगावचं टोक त्यांच्याकडे, धुळ्याचं माझ्याकडे. फोनवर त्यांनी अहिराणीत विचारलं, "बठ्ठं बराबर शे ना?" मी म्हटलं, "हो भाऊ, सगळं बरोबर आहे." टनेलच्या सेटिंगची एक ओळ माझ्याकडून टाकायची राहिली होती. लाइन सुरू झाली आणि दोन्ही ऑफिसं दिवसभर ठप्प. चूक माझीच, हे मला दिसलं. मी गुपचूप ती ओळ टाकली, आणि तेवढ्यात भाऊंचा फोन. "तुझ्याकडून काही राहिलं का रे?"

"नाही भाऊ. माझं पूर्ण होतं."

नोकरी नवी होती, घरी मुलगी तान्ही होती, मी भ्यालो. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता माझीच मला लाज वाटते. भाऊंनी आपलं टोक रात्रंदिवस तपासलं, काही सापडलं नाही. तरी चौकशीत म्हणाले, "धुळ्याकडचं पूर्ण होतं, तो म्हणाला तसं. म्हणजे माझाच हात चुकला असणार." महिन्याभरात त्यांनी आपणहून राजीनामा दिला.

आता ते धुळ्यातच, देवपूरला मुलीजवळ राहतात. मी पांझरा नदीच्या अलीकडे. तेवढा पूल ओलांडायला मला दोन वर्षं लागली. गेल्या रविवारी गेलो तर घरातला राउटर बंद, आणि भाऊ मेकॅनिकची वाट बघत बसलेले. "तुम्ही नाही बघितलं?" मी विचारलं. "नको रे बाबा. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही."

मग मला राहवलं नाही. ती ओळ, तो फोन, सगळं सांगून टाकलं. रडलोही. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यांना पटलं. नजर उचलवेना माझ्याच्याने.

भाऊ मात्र हसले. "वेडा आहेस. माझं मन राखायला स्वतःच्या अंगावर घेतोस होय?" मी शपथा घेतल्या. त्यांनी एक ऐकली नाही. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तू फक्त नीट तपासत जा, बाळा. माझ्यासारखं नको होऊ देऊ."