सौंदाळ्यांची ऑर्डर

भूतबित, आत्माबित्मा ऐकलं की माझं डोकं फिरतं. शाळेत विज्ञान शिकवते हो मी! तरी हे लिहितेय, कारण पोटात ठेवून ठेवून वैताग आलाय.

आम्ही रत्नागिरीत राहतो, मिरकरवाड्यापासून दहा मिनिटांवर. एप्रिलमध्ये आई गेली. धाकटा भाऊ सुहास मुंबईहून निघाला आणि घाटात अडकला. दिवस मावळायला आला, भटजी घाई करायला लागले... शेवटी अग्नी मी दिला. झालं! "मुलगा जिवंत असताना तू कोण अग्नी देणारी?" एवढं बोलून तो तेराव्यानंतर जो गेला तो गेला. फोन नाही, भाऊबीजेलाही नाही.

नाताळच्या सुट्टीत एका सकाळी आमची नेहमीची मासेवाली सुमनमावशी पाटी घेऊन दारात. वर्षभर ती बुरोंडीला लेकीकडे होती.

"गो बाय, हे सौंदाळे घे. तुझ्या आवशीनं सांगितलंन, उद्या सुहास येतोय, डोकी ठेव म्हणून."

"कधी सांगितलं?"

"आता गो! फाटकात उभी होती. किती वाळलीय! औषध घेते ना?"

मी जाम भडकले. "मावशी, आई जाऊन आठ महिने झाले!"

ती रडायलाच लागली. म्हणजे तिची समजूतही मीच काढायची! म्हातारीचा गोंधळ झाला असेल म्हणून मी विषय सोडला. मासे मात्र दुसऱ्या दिवशी तळायला घेतले, टाकायचे कशाला?

बाराच्या सुमारास दारात रिक्षा थांबली. सुहास! कुणाला कळवलं नव्हतं, बायकोलाही म्हणे स्टँडवर उतरल्यावर फोन केला. का आलास विचारलं, तर नुसते खांदे उडवले.

पानावर बसला, जेवायला लागला. मग सौंदाळ्याचं डोकं चोखत म्हणाला, "ताई, अजून एक वाढ."

आठ महिन्यांनी ताई म्हणाला मेला! मी स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले.

योगायोग म्हणा, भास म्हणा, मला काही उलगडा होत नाही. पण राग येतो हो. शेवटचे चार महिने आईला घास मी भरवले, अग्नी मी दिला... आणि ही बाई आली ती लेकाच्या माशांसाठी! मला एक हाक मारली असती, तर काय बिघडलं असतं तिचं?