अडतिसावा डबा

कोंडिबा रणपिसे यांनी आयुष्याची एकतीस वर्षं रेल्वेत काढली, आणि त्यातली शेवटची सतरा मालगाडीच्या शेपटीला बसून. दौंडहून सुटलेली गाडी सोलापूरला जावो की मनमाडला, त्यांना ती कायम मागूनच दिसली. इंजिन ड्रायव्हरचं, धूर सगळ्यांचा, आणि शेवटच्या डब्यातला कंदील अन् वही एवढी गार्डची.

सातवी पास होऊन हमाल म्हणून लागलेल्या कोंडिबांचं इंग्रजी शाळेतलं नव्हतं. स्टेशन मास्तरांच्या केराच्या टोपलीतले मेमो वेचून घरी आणायचे आणि पुन्हा पुन्हा गिरवायचे, असं ते आलेलं होतं. खात्याच्या परीक्षेत तीनदा नापास होऊन चौथ्यांदा ते गार्ड झाले ते त्याच्याच जोरावर. त्या इंग्रजीत चंद्र, फुलं आणि प्रेम यांना शब्द नव्हते. उशीर, उशिराचं कारण, तुटलेली साखळी आणि रुळावर मेलेली म्हैस यांना मात्र भरपूर होते.

१९७० साली ते निवृत्त झाले. दौंडच्या रेल्वे वस्तीजवळच्या घरात ते रोज सकाळी वहीत नोंद करू लागले. चहा सहा पाचला. पेपर सात चाळीसला, दहा मिनिटं उशिरा. बायको पार्वतीबाई म्हणाल्या, "अवो, मी काय मालगाडी हाय का? भाकरीला उशीर का झाला ते बी लिवतायसा!"

"कारण न्हाई लिवलं," कोंडिबा म्हणाले. "तू सांगितलंच न्हाईस."

त्याच सुमारास शिरूरला एका नव्या शिक्षणसंस्थेचं कॉलेज उघडून एक वर्ष झालं होतं. संस्थेचे अध्यक्ष सर्जेरावअण्णा मुंबईला कुठल्याशा परिषदेला गेले आणि तिथे त्यांनी ऐकलं, की अमेरिकेत पोरं कॉलेजात घालण्याआधी उन्हाळ्यात त्यांची तयारी करून घेतात. अण्णांना अमेरिका फार पटली. एकाहत्तरच्या एप्रिलमध्ये गावोगाव हँडबिलं वाटली गेली: 'ग्रामीण विद्यार्थ्यांस महाविद्यालयीन जीवनास लायक बनविणारा एकवीस दिवसांचा उन्हाळी वर्ग.' मुलांनी नुकती अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा दिलेली होती, निकाल जूनमध्ये लागायचा होता. म्हणजे पास होण्याआधीच त्यांना लायक करून ठेवायचं होतं. हँडबिलाच्या तळाशी ठळक ओळ होती: 'वर्ग पूर्ण करून उत्तीर्ण होणाऱ्यास प्रवेशाची हमी.'

त्या ओळीमुळे अडतीस जण आले. सदतीस मुलगे आणि इनामगावची झुंबर.

आता वर्ग ठरला, पोरं आली, आणि मग लक्षात आलं की शिकवायला कोणी नाही. इंग्रजीचे प्राध्यापक सुट्टी लागताच पुण्याला गेले होते, आणि मे महिना हा आंब्यांसाठी असतो असं त्यांनी कळवलं होतं. प्राचार्य देवस्थळी या काळजीत दौंडच्या फलाटावर उभे असताना त्यांच्या कानावर खणखणीत इंग्रजी पडलं. कोट घातलेले एक गृहस्थ मेव्हण्याची पार्सलने पाठवलेली सायकल कुठे अडकली, याचा जाब पार्सल क्लार्कला विचारत होते. क्लार्कला घाम फुटला होता. प्राचार्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की माणूस मिळाला.

पहिल्या दिवशी अण्णांचं भाषण झालं. दुपारी ते कोंडिबांना जेवायला घरी घेऊन गेले. पंगत बसली. दुसरी भाकरी पानात पडता पडता अण्णांनी सहज विचारलं, "रणपिसे म्हंजी मूळचे कुठले?"

"केंदूरचे."

"केंदूर? मग आमच्या सासुरवाडीकडचे तुम्ही. कुठल्या आळीत घर?"

"आळीत न्हाई, अण्णा. गावाभायेर. आता बौद्ध."

भाकरी गोडच होती, पण त्यानंतर ती सगळ्यांनी जरा घाईने खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून कोंडिबांचं जेवण ॲल्युमिनियमच्या डब्यातून वर्गावर येऊ लागलं. कोंडिबांनी वहीत लिहिलं: 'जेवण डब्यात मिळालं, बारा पन्नासला. कारण कळवलेलं नाही.'

वर्गाचा कार्यक्रम छापील होता. 'ग्रंथालयाचा उपयोग' या तासाला मुलांनी एका बंद कपाटासमोर चाळीस मिनिटं उभं राहायचं, कारण किल्ली अण्णांच्या मेव्हण्याकडे होती आणि मेव्हणे लग्नसराईत होते. 'मेजावरील रीतीभाती' या तासाला डाक बंगल्यावरून एक बशी, एक सुरी आणि एक काटा मागवण्यात आला. प्राचार्यांनी केळं सोललं, सुरीने त्याच्या चकत्या केल्या, काट्याने एकेक उचलून तोंडात घातली. अडतीस जण बघत राहिले. केळं संपलं. प्राचार्य रुमालाने ओठ टिपत म्हणाले, "समजलं?"

"समजलं," मागून एक जण म्हणाला. "केळं सायबानं खायचं."

उरलेले सगळे तास कोंडिबांचे. त्यांना इंग्रजी म्हणजे काम माहीत होतं, म्हणून त्यांनी कामच शिकवलं. फळ्यावर पहिल्यांदा वेळ, मग जागा, मग काय दिसलं ते. 'मला वाटलं' हे शब्द त्यांनी वर्गात बंद करून टाकले.

"वाटलं ते घरी ठिवायचं. दिसलं तेवढं लिवायचं."

दुसरा धडा देण्याघेण्याचा. "कागुद हातातनं सुटला की समोरच्याची सही घ्यायची, वेळ घालून. मग तो कलेक्टर असू दे न्हाईतर तुझा चुलता."

"चुलता मारंल की, गार्डसायेब!" केंदूरचा एक मुलगा म्हणाला.

"मारलं तर तीबी वेळ लिव."

आणि तिसरा धडा शेवटच्या डब्याचा. गाडी स्टेशनात शिरली म्हणजे ती आली, असं समजायचं नाही. शेवटच्या डब्यामागचा तांबडा दिवा डोळ्यांनी बघायचा. दिवा दिसला नाही, तर गाडी मध्येच कुठेतरी तुटली आहे, डबे रुळावर मागे राहिले आहेत. तोवर कुणी किती हार घेऊन उभं असलं, तरी गाडी आली असं लिहायचं नाही.

पंधराव्या दिवशी प्राचार्यांनी 'माझी आई' या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला सांगितला, आणि झुंबरची वही उचलून मराठी अर्थासह मोठ्याने वाचू लागले. "पाच दहाला आई उठली. पाच पंचविसाला चूल पेटली. पाच चाळिसाला वडील उठले. उशिराचं कारण कळवलेलं नाही. सहाला आई पाण्याला गेली. सात वीसला परत. एक हंडा कमी भरला, विहिरीचं पाणी खाली गेल्यामुळे. आई थकल्याचं तिने कळवलेलं नाही. बसताना भिंतीला हात लावलेला मी पाहिला."

प्राचार्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "रणपिसे, हे साहित्य नव्हे."

"साहित्य म्हंजी काय ते मला ठावं न्हाई, सायेब. पर ह्यात खोटं एक अक्षर न्हाई."

झुंबरची गोष्ट कोंडिबांना तिच्या बापाकडून कळली होती. खंडू इनामगावचा. घोडनदीच्या काठावर पुण्याचे साहेब जुनं गाव उकरून काढत होते, तिथे तो थंडीत टिकाव चालवायला जाई. मुलीला वर्गावर सोडायला आला तेव्हा त्याने सरळच सांगितलं होतं, "गार्डसायेब, सोयरीक आली हाय. पाव्हणं आखाडापातूर थांबत्यात. कालिजात नाव लागलं तर मी त्यास्नी न्हाई म्हणतो. न्हाई लागलं तर माझी म्हातारी आन् भावकी मला उभं ठिवायची न्हाई."

झुंबर एकवीस दिवस हजर राहिली. जूनमध्ये निकाल लागला, ती पास झाली. नऊ तारखेला तिने कॉलेजच्या कचेरीत अर्ज दिला आणि कारकून पोपटराव यांच्यापुढे आपली वही धरली.

"ही काय?" पोपटराव म्हणाले.

"पोच. वेळ घालून सही करा."

पोपटराव पोट धरून हसले. "अगं, आता लग्नात अक्षतांचीबी पोच घेशील का?" पण हसता हसता त्यांनी सही केली: एक अर्ज, तीन वाजून दहा मिनिटं.

चौदा तारखेला फळ्यावर यादी लागली. जागा ऐंशी. वर्गातले सदतीस जण तिच्यात होते. झुंबर नव्हती. अण्णांच्या साडूचा मुलगा होता, ज्याने मे महिना महाबळेश्वरला काढला होता. विचारलं तर पोपटराव फाइलीतून मान वर न काढता म्हणाले, "अर्ज मिळालेला नाही." वही दाखवली तर म्हणाले, "पोरांची वही ही. हिच्यावर कुठं कॉलेज चालतंय?" प्राचार्य म्हणाले, अर्जच नाही तर मी काय करू. अण्णा तेवढे भेटले नाहीत. मात्र त्यांनी निरोप ठेवला होता, की मुलीचं काय, तिचं लग्न होईल.

बापलेक एस.टी.ने दौंडला आले. खंडू रस्ताभर धुमसत होता. कोंडिबांच्या ओट्यावर बसताच तो फुटला. "पुण्याचं सायेब फुटक्या खापरालाबी नंबर घालत्यात, कागदात गुंडाळत्यात, वहीत लिवत्यात. तीन हजार वर्साची खापरं गावत्यात त्यास्नी! आन् माझ्या पोरीचा पाच दिवसाचा अर्ज न्हाई गावला?"

कोंडिबांनी झुंबरची वही घेतली, सही बघितली, वेळ बघितली. म्हणाले, "सतरा तारखेला वर्गाचा समारोप हाय, निकालासाठी थांबवलेला. मला चार शब्द बोलाया सांगितल्यात. तू ये."

समारोपाला विद्यापीठातून एक पाहुणे आले होते. मांडव, हार, पेढे. अण्णांनी जाहीर केलं की वर्ग शंभर टक्के यशस्वी झाला आहे, अमेरिकेच्या वर. मग कोंडिबांना बोलावलं. "इंग्रजीत बोला, रणपिसे," अण्णा खुशीने म्हणाले. "पाव्हण्यांना कळू द्या आपल्याकडं काय चीज हाय."

कोंडिबांनी काळा कोट सारखा केला आणि वही उघडली. सादर करण्याचा मान मला मिळतो आहे, अशी सुरुवात करून त्यांनी एकवीस दिवसांचा अहवाल वाचला. पहिला दिवस: अध्यक्षांचं भाषण, दोन तास दहा मिनिटं, मध्ये थांबा नाही. चौथा दिवस: ग्रंथालय बंद; किल्ली लग्नाला गेलेली. सहावा दिवस: केळं एक, खाणारे एक, बघणारे अडतीस. जेवण दुसऱ्या दिवसापासून डब्यात; कारण कळवलेलं नाही.

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. स्वतःचं पद ऐकू आलं की ते मान डोलवत आणि प्रत्येक वाक्याला टाळी देत. प्राचार्यांना येत होतं, त्यांनी डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी रुमाल तोंडाशी धरला. आणि गंमत अशी, की मांडवात मागे बसलेले सदतीस मुलगे बरोबर जागच्या जागी हसत होते. मे महिन्यात ज्यांना इंग्रजीतलं एक वाक्य लागत नव्हतं, त्यांना केळ्याचं वाक्य पुरतं लागलं. संस्थेच्या वर्गाला काही फळ आलं असेल, तर ते एवढंच, आणि ते हँडबिलावर छापलेलं नव्हतं.

शेवटचं पान कोंडिबांनी सावकाश वाचलं. सुटताना डबे अडतीस. पोचले सदतीस. एक मागे राहिला. कारण: अर्ज मिळाला नाही, असं कचेरी म्हणते. नऊ जून, तीन वाजून दहा मिनिटं, अर्ज मिळाल्याची कचेरीची सही सोबत. सबब गाडी पोचल्याचं मी लिहू शकत नाही.

सगळ्यांत मोठी टाळी अण्णांची होती. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण एकटेच वाजवतो आहोत.

पाहुण्यांनी मराठीत विचारलं, "ती सही बघू."

झुंबर उठली. मांडवाच्या मधून चालत गेली आणि वही त्यांच्या हातात दिली. देताना क्षणभर घुटमळली. कोंडिबांना वाटलं, पोरगी पाहुण्यांकडूनही पोच मागते की काय. पाहुण्यांनी सही पाहिली आणि पोपटरावांकडे पाहिलं. पोपटराव कचेरीकडे धावले. अर्ज अकरा मिनिटांत सापडला. तो पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याखाली होता म्हणे. अण्णा तत्काळ उभे राहिले आणि म्हणाले, की मी स्वतः सकाळपासून याच अर्जाचा शोध घेत होतो.

साडूच्या मुलाला काही कोणी हलवलं नाही. तेवढी अमेरिका शिरूरला झेपणारी नव्हती. पाहुणे म्हणाले, "एक्याऐंशी करा. विद्यापीठाचं मी बघतो."

"बघतो नगं, सायेब," कोंडिबा नम्रपणे म्हणाले. "लिवून द्या."

पाहुण्यांनी लिहून दिलं. वेळ घातली. सही केली.

मांडवातून पाहुणे जेवायला निघाले. सगळ्यांच्या देखत अण्णा म्हणाले, "रणपिसे, आज तुम्हीबी घरीच चला. पानं मांडली हायत."

"दौंडची यष्टी एक पाचाला हाय, अण्णा. आन् माझं काम ऱ्हायलंय."

ते कचेरीत गेले. खंडू आणि झुंबर दाराशी उभे होते. पोपटरावांनी रजिस्टर उघडून झुंबरचं नाव लिहायला घेतलं. अर्ध्यावर टाक झटकला, पुन्हा बुडवला. "झालं," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटू लागले.

"थांबा," कोंडिबा म्हणाले. चश्मा पुसून त्यांनी ओळ वाचली. एक्याऐंशी. नाव, बापाचं नाव, गाव. मग झुंबरला म्हणाले, "तूबी बघ. माझ्या डोळ्यावर नगं जाऊ."

झुंबर वाकून वाचत राहिली. खंडूला वाचता येत नव्हतं. त्याने नुसतं विचारलं, "हाय?"

"हाय, दादा."

"मग पाव्हण्यास्नी आजच सांगतो," खंडू म्हणाला आणि टोपी नीट केली.

कोंडिबांनी आपल्या वहीत लिहिलं: 'बारा बावन्न. शेवटचा डबा पाहिला. शाई ओली.' मग कोट खांद्यावर टाकून ते एस.टी. गाठायला निघाले. दौंडला घरी पोचले तेव्हा पार्वतीबाईंनी ताट वाढलं आणि विचारलं, "एवढा उशीर का?"

आणि एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी कारण बसून, सविस्तर, हातवारे करून सांगितलं.