जांभळीची सोनोग्राफी

सोनोग्राफीला जाताना भरपूर पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत कळ काढायची, एवढं मला माहीत होतं. सोनोग्राफी कुणाची हे आधी विचारायचं असतं, हे माहीत नव्हतं. बायकोच्या मामांचा आदल्या संध्याकाळी फोन आला, "जावईबापू, उद्या आठला या. सोनोग्राफी आहे." माझ्या पोटदुखीची वार्ता बायकोने माहेरी सगळीकडे पोचवलीच होती. मामांनी ओळखीत नंबर लावला असणार, असं धरून मी सहा ग्लास पाणी प्यायलो आणि दर गतिरोधकाला देवाचं नाव घेत पंचवटीत त्यांच्या घरी पोचलो. मामा फाटकातच उभे होते. माझ्या हातात एक वायर देत म्हणाले, "चला, जांभळीच्या त्या बाजूला उभे राहा."

उभ्या नाशकात मामांइतका अस्वस्थ माणूस नसेल. ते बसले तरी एक पाय चपलेत असतो. हयात गेली दवाखान्यांतली सोनोग्राफीची यंत्रं दुरुस्त करण्यात. निवृत्त झाल्यावर माणसांची पोटं संपली, म्हणून ते झाडांकडे वळले. बोटांनी ठोकून पाहण्याची खोड मूळचीच. माठ, कलिंगड, दार, काही सोडत नाहीत. लग्नात मला पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या पाठीवर दोनदा ठोकून बायकोला म्हणाले होते, "भरीव आहे, घे." आता त्यांच्या पिशवीत एक डबा असतो आणि डब्याला दोन वायरी. खोडाच्या एका बाजूने आवाज सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो किती वेळात पोचतो ते बघायचं. आवाज इतका बारीक की आपल्या कानाला लागत नाही. "लाकूड धड असेल तर सरळ येतो. आतून सडलं असेल तर बिचारा वळसा घालून येतो. उशीर झाला की समजायचं." हा डबा घेऊन ते हरसूलच्या मोहापासून सटाण्याच्या चिंचेपर्यंत हिंडले आहेत. सटाण्याला एका म्हाताऱ्याने खोडाला लावलेल्या डब्याकडे बघत अहिराणीत विचारलं, "भाऊ, याना पोटमा काय शे?" मामा म्हणाले, "ते सांगायला कायद्याने बंदी आहे."

एवढं गाव तपासलं, पण स्वतःच्या अंगणातल्या जांभळीला मामांनी कधी डबा लावला नव्हता. विषय काढला की म्हणत, "घरचीच आहे, पळून जातेय थोडीच." मामा-मामींनी त्यांच्या लग्नाच्या वर्षी त्र्यंबकेश्वरहून येताना मांडीवर आणलेलं ते रोप. मामींच्या दुपारी त्याच्याखाली जातात. भाजी निवडणं तिथे, भांडणं तिथे, डुलकी तिथे. आणि गेल्या आठवड्यात मामी चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात एक फांदी नेमकी त्यांच्या खुर्चीवर आली. खुर्चीचे तुकडे मामांनी अजून कोपऱ्यात ठेवले होते.

"हलू नका, आकडा हलतो," मामा म्हणाले. त्या घटकेला मला याहून अवघड काही कुणी सांगूच शकलं नसतं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर, मामा जांभळीच्या या अंगाहून त्या अंगाला. त्यांनी एकदा मोजलं, डबा पुसून परत मोजलं, मग खाली बसून, मग स्टुलावर चढून. सातव्या वेळी मी हात जोडले आणि घरात पळालो.

परत आलो तर मामी पायरीवर मेथी घेऊन बसलेल्या आणि मामा त्यांच्यासमोर उभे राहून माठाबद्दल बोलत होते. चांगला माठ कसा वाजतो. मग कलिंगडावर आले. मग कुठल्याशा दवाखान्यातल्या जुन्या यंत्रावर. मामींनी एक जुडी निवडून संपवली.

"पोकळ आहे ना?" त्या म्हणाल्या.

मामा थांबले. "बरीच. उतरवावी लागेल. पालिकेकडे अर्ज करतो."

"पोपट चार वर्षं आत-बाहेर करतायत. ते काय भरीव लाकडात राहतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही झोपला असतात?"

मामा खोडाजवळ गेले. डबा न लावता नुसतं बोटांनी दोनदा ठोकलं, दारावर ठोकावं तसं. मग, मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा, दोन्ही चपला काढून पायरीवर मामींशेजारी बसले आणि मेथी निवडू लागले. देठं भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होते. मामी कचऱ्यातली पानं वेचून परत भाजीत टाकत होत्या.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. सहा ग्लासांच्या भागाला ती हसेल असं वाटलं होतं. हसलीही, पण थोडीच.

"मामाने मामीला सरळ सांगितलं?"

"कुठलं सरळ. आधी माठ, मग कलिंगड, मग यंत्र. पाऊण तास."

ती माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "एवढा वळसा? उद्या परत जा त्याच्याकडे. आणि पाणी न पिता जा, म्हणजे जरा बसता येईल."